वसुबारसेच्या आत ड्रायव्हर

३० सप्टेंबर १९९८, खंडेनवमी. सांगली
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी.

कुंडलजवळच्या दूध संस्थेचे दोन संगणक टेम्पोतून घरी आले. एक दुधाच्या काट्याजवळचा, एक ऑफिसातला. दोघांना वायरीने जोडून एकमेकांशी बोलते करायचे, वसुबारसेच्या आत. जमले तर संस्थेचे कायमचे काम मला. नाही जमले तर विश्रामबागेतला माझा कॉम्प्युटर क्लास बंद, आणि सासरेबुवांनी साताऱ्याच्या पतसंस्थेत बघून ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसायचे. तसा शब्द उमाला दिला आहे. बिनधास्त दिला. काम चार दिवसांचे आहे.

संध्याकाळी पूजा. उमा झाकणावर हळदकुंकू लावायला निघाली. म्हटले, झाकण म्हणजे नुसता डबा, खरे शस्त्र आत. काट्याच्या संगणकाचे झाकण काढले. वायर जोडायचे नेटवर्क कार्ड ज्या खाचेत बसते त्या खाचेतच हळदकुंकू, अक्षता, झेंडूची पाकळी वाहिली. गुळाचा खडा ठेवला. मग वरून कार्ड दाबले. जरा जोर लागला. नवी वस्तू घट्टच असते.

ऑफिसच्या संगणकाचे उमाने झाकणावरच उरकले. असो. तिला यातले कळत नाही.

१ ऑक्टोबर, दसरा
मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून दोन्हीकडे लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घातली. पुरणपोळी खाता खाता उमाला समजावले. कर्नेल म्हणजे घरचा कर्ता. बस म्हणजे घरातले मधले पॅसेज, सगळ्यांची ये-जा तिथून. कार्ड, माऊस हे जावई. ड्रायव्हर म्हणजे कुठल्या जावयाशी कसे बोलायचे हे ठाऊक असलेली सासू. कर्ता थेट जावयाशी बोलत नाही, तिच्यामार्फत बोलतो. आणि प्रत्येक वस्तूला एकेक घंटा. वाजली की कर्नेलने हातातले काम टाकून धावायचे. याला इंटरप्ट म्हणतात.

उमाने विचारले, मग मी हाक मारते तेव्हा? म्हटले, ते वेगळे.

ऑफिसचा संगणक पहिल्या फटक्यात चालला. काट्याच्या संगणकात मात्र कर्नेल म्हणतो, कार्ड सापडत नाही. किरकोळ.

२ ऑक्टोबर
कारण सापडले. सीडीवरचा ड्रायव्हर परदेशात लिहिलेला. आपल्याकडचे कार्ड त्याला कसे कळणार? (ऑफिसचे कार्ड त्याच कंपनीचे आहे. त्याला कसे कळले, यात आत्ता शिरत नाही.)

संकल्प: स्वतःचा ड्रायव्हर लिहायचा. रोज पहाटे पाचला उठून.

३ ऑक्टोबर, सकाळी साडेआठ
उठलो.

संस्थेचे चेअरमन नाथाजी यांचा फोन. "आवं मास्तर, वसुबारसंला व्हईल न्हवं? आमच्या म्हातारीनं गावभर सांगून ठेवलंय." म्हटले, त्याच्या आधीच होईल. खाचेतल्या पूजेचेही सांगितले. फार खूश झाले. म्हणाले, आतनं पूजा करणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय.

५ ऑक्टोबर
ड्रायव्हरला जोरदार सुरुवात. वरती माझे नाव, पत्ता, शिक्षण, सर्व हक्क राखून ठेवल्याची सूचना. पान भरले. पुढचा भाग तांत्रिक आहे, तो ताज्या डोक्याने.

७ ऑक्टोबर
उमा म्हणते, संगणकात मुंग्या चालल्यात. रांग लागली आहे. मी म्हटले, घरगुती तक्रारी कर्नेलच्या कामात आणू नकोस.

९ ऑक्टोबर
कार्डावरची पिन हलवून घंटेचा नंबर बदलला. आता माऊससुद्धा मेला. म्हणजे माऊस आधीपासूनच कमकुवत होता.

कर्नेल नव्याने बांधायला टाकला. तासन्‌तास चालते हे काम. संपत आले आणि वीज गेली. पुन्हा टाकला. पुन्हा गेली. या देशात कर्नेल बांधता येत नाही.

११ ऑक्टोबर
दोष कर्नेलमध्येच आहे. मित्राच्या ऑफिसातून जगभरच्या कर्नेलवाल्यांना इंग्रजीतून खरमरीत ई-मेल धाडली. खळबळ माजेल.

१२ ऑक्टोबर
जर्मनीच्या एका माणसाचे एका ओळीचे उत्तर आले. विचारतो, कार्ड नीट बसले आहे का? नीट? अरे, मुहूर्त बघून बसवले आहे! असल्यांना उत्तर द्यायचे नाही.

१४ ऑक्टोबर
सासरेबुवांचा फोन. साताऱ्याची खुर्ची अजून रिकामी आहे म्हणे. उमाने माझ्याकडे बघितले नाही, फराळाचे भाजत राहिली. क्लास बंद झालेला मला नको आहे. तिलाही नको आहे, हे तिच्या पाठीवरूनसुद्धा कळत होते.

ड्रायव्हर लिहून पुरा केला. कसा झालाय ते बघायचे धाडस नाही.

१५ ऑक्टोबर
मुदत वाढवून मागायला कुंडलला गेलो. मागितली नाही. नाथाजींनी मंडप दाखवला.

रात्री परत. उमाची दिवाळीची साफसफाई उरकली होती. सगळे घर लख्ख. सवयीने संगणक चालू केला, आणि कार्ड दिसले! दोन्ही संगणक बोलले! उमाला उचलायचेच बाकी होते. माझा ड्रायव्हर! परदेशाला जमले नाही ते विश्रामबागेत झाले.

१६ ऑक्टोबर
एक बारीकशी गोष्ट. माझा ड्रायव्हर कर्नेलमध्ये घालायचा राहूनच गेला होता. चालतोय तो सीडीवरचाच. पण माझा लिहून तर झाला होता. त्याचा काहीतरी परिणाम होतच असणार.

१७ ऑक्टोबर, वसुबारस. कुंडलहून परत, रात्री
मंडपात दोन्ही संगणक मांडले. काट्यावर दूध ओतले, ऑफिसात लिटर उमटले. टाळ्या. नाथाजींनी माझ्या गळ्यात हार घातला. गायवासराची पूजा झाली. मग नाथाजींच्या आई, हरणाबाई, हळदकुंकू, अक्षता आणि पेढ्यांचे ताट घेऊन संगणकासमोर उभ्या. नाथाजी म्हणाले, "मास्तर, झाकान काडा. तुमच्यावानी आतनंच पूजा हुंद्या."

मी म्हटले, माझ्या नव्या ड्रायव्हरला पूजा बाहेरूनच लागते.

उमा फस्सकन हसली. मग तिने सगळ्यांदेखत सांगून टाकले. साफसफाईत तिने उघडा डबा पाहिला, कार्ड उपटले, जुन्या टूथब्रशने खाच घासली आणि कार्ड परत दाबले. आतून अक्षता, पाकळी, गुळाचा चिकटा आणि मेलेल्या मुंग्या निघाल्या. अक्षता देवाच्या म्हणून तुळशीत टाकल्या. मला का नाही सांगितलेस? म्हणाली, सांगणार होते, पण तुम्ही इतके खूश होता.

हरणाबाई हसून हसून खाली बसल्या. "आगं बया, द्येवानंच वाट आडवली की रं नाथा!"

कायमचे काम मिळाले. कागद उमाच्या नावाचा झाला. दर महिन्याला येऊन तिने साफ करायचे, चालू आहे का बघायचे. नाथाजी म्हणाले, "मास्तरांस्नी बी आना संगं. पेटी उचलाय लागतीच की कोनतरी."

म्हणजे क्लास वाचला. साताऱ्याला नकार कळवायचा आहे. एकंदरीत माझे नियोजन बरोबरच होते. आता ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती हातात घ्यावी म्हणून आत्ता बसलो, वरती नाव लिहिले, पत्ता लिहिला, आणि आतून उमाने हाक मारली.

हातातले काम टाकून गेलो.