पोपटाचं मडकं

इंदापूर,
ज्येष्ठ वद्य पंचमी

प्रिय महिपती,

तुला आबाचे आशीर्वाद. हे पत्र मी स्वतः लिहितो आहे, तेव्हा अक्षर लागलं नाही तर उजेडात धरून सावकाश वाच. दर खेपेला स्टँडवरचा अमीर लिहून देतो, पण या वेळी त्याच्याकडे जावंसं वाटलं नाही. दुसरीपर्यंतची शाळा ती किती, आणि तीही लहानपणीची. जोडाक्षर आलं की हात अडतो. तुला मोठ्याने वाचायची खोड आहे, तेवढी आज सोड. काटेवाडीच्या वीटभट्टीवर चार गावची माणसं असतात, आणि यातलं काही त्यांच्या कानी जायला नको.

तुझी छाती कशी आहे? विटांचा धूर वाईट. रात्री भट्टीच्या उबेला झोपू नकोस असं मागेच कळवलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. बारामतीच्या बाजारात मिळतं ते तेलकट खाऊ नकोस. इकडे ऊन अजून तसंच आहे. तळ्याकाठची माती गाढवावरून आणली, पण गाढव मागच्या पायाने लंगडतं आहे, आणि ते बसलं तर पुढे काय या विचाराने मला झोप येत नाही. झोप तशीही येत नाही.

होळीला येऊन जाताना तू दारात उभा राहून म्हणालास, बेंदरापर्यंत बघा. नवा माल चालला तर मी परत येऊन चाकावर बसतो, नाहीतर घर-अंगण विकून सगळे भट्टीवर चला. तुझी बायको म्हाळसा आत भाकरी थापत होती. तिने ते ऐकलं आणि त्याच दिवसापासून ती कामाला लागली. तुला वाटतं तिने मनाला येईल ते करून बघितलं. तसं नाही. ती दर रविवारी बाजारात जायची, पण कुंभार काय विकतात ते बघायला नाही. ते तिला माहीतच होतं. जर्मनची भांडी आल्यापासून आपल्या घागरीकडे कोण बघतं? ती बघायची ती माणसांचे हात. कुणाच्या हातात काय आहे, काय धरून माणूस अवघडला आहे, काय हवं असून मिळत नाही. घरी येऊन मला सांगायची. मी म्हणायचो, पोरी, लोकांच्या हाताकडं बघून पोट भरतं व्हय? ती नुसती हसायची.

आधी तिने भोपळ्याच्या आकाराचे गल्ले केले. पोरांनी थोडे नेले. मग कपबशीवाल्यांसारखा कान लावून पेला केला, त्याचा कान भाजताना गळून पडला. दोनदा केला, दोनदा गळला. मी म्हटलं, माती वाया चालली. मी असा बोलतो हे तुला ठाऊकच आहे. मग भातुकलीची जाती, चुली, पाट्यावरवंटे केले. ते बरे निघाले, पण नवे पैसे आल्यापासून बायका नाणं उलटसुलट करून बघतात आणि पोरांच्या खेळण्यावर ते मोडायला नको म्हणतात. ती खचली नाही. एके दिवशी स्टँडवर बसून आली आणि म्हणाली, आबा, त्या ट्रकवाल्यांकडं बघितलं का? पत्र्याच्या डब्यात पाणी ठेवत्यात, ते तापून चहासारखं होतं आणि तसंच पित्यात.

त्यातून ती टांगती मडकी निघाली. बुटकी, गोल, तोंड बेताचं, आणि खांद्याला दोन्हीकडे भोकं पाडलेले कान. सुतळी ओवायची आणि ट्रकमध्ये नाहीतर बैलगाडीच्या साटीला टांगायची. गाडी हलली तरी पाणी सांडत नव्हतं. वरची नक्षीसुद्धा तिने ट्रकवरूनच घेतली. त्यांच्या फळ्यांवर फुलं, मोर, पोपट रंगवलेले असतात ना, ते ती उभी राहून डोळ्यांत भरून आणायची आणि गेरू नि पांढऱ्या मातीने मडक्यावर काढायची. माझ्या उभ्या जन्मात मी मडक्यावर चार रेघांपलीकडे काही काढलं नव्हतं. अमीरने आपल्या सायकलच्या दुकानापुढे दोरी बांधून ती टांगली. पहिल्याच बाजाराला दोरी रिकामी झाली. गाडीवाले, मळेवाले, शेळगावचे, कुठले कुठले लोक विचारत यायचे. अमीर मला म्हणाला, आबा, तुमी म्हातारपणी नशीब काढलं. मला तेव्हाच भीती वाटली. माझं असंच आहे. चांगलं झालं की मला जास्त भीती वाटते.

पुढचं तुला काटेवाडीच्या माणसाकडून कळलंच, आणि तू निरोप धाडलास की तिला कुणी सांगितलं होतं ते मडकं द्यायला. तो निरोप मी तिला दिला नाही. आता काय झालं ते माझ्याकडून ऐक.

मळ्यातल्या तात्याबांची सून सारजा तुला आठवत असेल. वांगी घेऊन बाजाराला यायची ती, उंच, मोठ्याने हसणारी. म्हाळसेची नि तिची विहिरीवर गट्टी जमली होती. दिवस भरत आलेले असतानाही ती आपल्या अंगणात येऊन बसायची. दोन पोपट समोरासमोर काढलेलं एक मडकं तिला फार आवडलं. म्हणाली, हे मला ठेव गं, बाळंत झाले की न्हेते, नाहीतर आमची सासू म्हणंल आत्ताच कशाला. म्हाळसेने ते फळीवर बाजूला ठेवलं. वैशाखात सारजा अडली. रंगूबाई सुईण रात्रभर तिच्यापाशी होती. पहाटे बाई गेली, मूलही गेलं.

दुपारी तात्याबा आपल्या दारात आले. मयताचं मडकं कुंभाराने द्यायचं, त्यात मागणं-सांगणं नसतं. ते नुसते दगडावर बसले. आणि आपल्या घरात साधं मडकं एकही नव्हतं. अखितीच्या पूजेला होती नव्हती ती गेलेली, आणि टांगत्या मडक्यांशिवाय चाकावर दुसरं काहीच चाललं नव्हतं. मी म्हणालो, शेळगावच्या कुंभाराकडून घेऊन येतो. पण वैशाखाचं ऊन, आणि बाई पहाटेची गेलेली. तात्याबा म्हणाले, इतका दम न्हाय धरवत, गेणबा. तेवढ्यात म्हाळसा आतून ते पोपटाचं मडकं घेऊन आली. पदर डोक्यावरून ओढलेला. त्यांच्या पायापाशी ठेवून म्हणाली, तात्या, हे तिचंच हाय. तिनंच ठेवायला सांगितलं व्हतं. महिपती, म्हातारा त्या मडक्याला हात लावेना. मग लावला, आणि तिथेच मोठ्याने रडला. तूच सांग, यात तिचं काय चुकलं? मी तिथे होतो. मला त्या वेळी काही चुकीचं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पण सगळ्या गावाने सारजेच्या नवऱ्याच्या, जोतीरामच्या खांद्यावर ते मडकं बघितलं. बायको चितेवर, आणि तो ते पाण्याने भरलेलं, दोन पोपट काढलेलं मडकं घेऊन फेरे घालतो आहे. शेवटी त्याने ते मागे टाकून फोडलं. बिनचित्राचं साधं मडकं असतं तर कुणाच्या ध्यानात राहिलं नसतं. हे राहिलं.

पुढच्या रविवारी एका नव्या सुनेने अमीरच्या दोरीवरचं मडकं हातात घेतलं, तर तिच्या सासूने ते हिसकून परत टांगलं आणि तिला हात धुवायला लावले. मग तसंच होत गेलं. कान लावलेलं, सुतळीने टांगायचं, चित्राचं मडकं म्हणजे मसणातलं मडकं. जे घेऊन गेले होते तेही सोडायला लागले. घरात ठेवायला भीती, फोडायला भीती, परत द्यायला लाज. म्हणून नाक्यावरच्या लिंबाखाली आणून ठेवायचे. तिथे ती ओळीने बसली आहेत. कुणी शिवत नाही. येणारेजाणारे दुसऱ्या कडेने जातात. ट्रकवाले परगावचे, त्यांना काय ठाऊक, पण चहा पिता पिता त्यांनाही कुणीतरी सांगितलंच. अमीर राहिलेला माल पोत्यात घालून घेऊन आला. बिचारा वर बघेना. म्हणाला, आबा, मी असलं मानत न्हाय, पण गिऱ्हाईक मानतंय, त्याला काय करू? मी त्याला चहा प्यायला थांब म्हटलं. थांबला नाही.

आता आपल्याकडे कुणी येत नाही. बेंदराच्या मातीच्या बैलांची मागणी या दिवसांत सुरू होते, ती पण अजून नाही. परवा एक बाई दारावरून जाताना दुसरीला म्हणाली, पोटुशीसाठी ठेवलेलं मडकं मसणात धाडलं, आता त्या घराचं काय व्हतंय ते बघ. मी ओट्यावरच होतो. मला ऐकू जावं म्हणूनच ती बोलली. म्हाळसाही आत होती. तिला ऐकू गेलं की नाही, मला विचारता आलं नाही.

ती आता चित्रं काढत नाही. सकाळी उठते, पाणी आणते, माती तुडवते आणि साधी मडकी करते. नुसती साधी, मयताच्या मापाची. कुणी मागितलेली नाहीत. मी म्हटलं, एवढी कशाला? तर म्हणाली, पुन्हा कुणी आलं तर घरात असावीत, आबा. सारं अंगण त्यांनी भरलं आहे. मला रात्री बाहेर जायचं झालं तर मी त्यांच्याकडे बघत नाही. ती जेवत नाही नीट. ताक नको म्हणते, भाकरीचा वास नको म्हणते. चालता चालता भिंतीला धरून उभी राहते. मला वाटलं ऊन लागलं. मी म्हातारा माणूस, मला काय कळतं? कांदा फोडून हुंगायला दिला.

काल रंगूबाईने मला कुडाच्या पलीकडून हाक मारली. म्हणाली, गेणबा, तुमची सून होळीपासनं गरवार हाय, तुमास्नी ठावं हाय का? मला ठाऊक नव्हतं. तुलाही नसणार. तिने कुणालाच सांगितलेलं नाही. रंगूबाईला समजलं ते विहिरीवर ती चक्कर येऊन बसली तेव्हा. तिने विचारलं तर म्हाळसा म्हणाली, मावशी, सांगून काय करायचं, माझं काय व्हनार ते ठरलंय. एवढंच बोलली आणि घागर उचलून निघाली. रंगूबाईनेसुद्धा हे मला सांगताना आवाज खाली केला.

हे कळल्यावर मी ती नसताना आतल्या खोलीत गेलो. सुनेच्या खोलीत सासऱ्याने जायचं नसतं, पण गेलो. कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली एक मडकं आहे. तिने एवढं सुबक आजवर काही केलेलं नाही. त्याच्यावर पोपट आहेत, फुलं आहेत, आणि बुडाशी बारीक पावलं आहेत, लहान मुलाची. ते विकायचं नाही हे मला बघता क्षणी समजलं. सारजेचं तिने ठेवलं होतं नि ते मसणात गेलं, तसं हे तिने आपलं ठेवलं आहे.

महिपती, तुझी आई असती तर तिने तिला जवळ घेऊन चार शिव्या दिल्या असत्या आणि ते काढून घेतलं असतं. मी सासरा. या गोष्टीतला शब्द मला तिच्यापुढे काढता येत नाही, आणि काढला तर ती लाजेने विहीर जवळ करील अशी मला भीती वाटते. मी ते गुपचूप पाण्यात घातलं तर ती दुसरं करील. मडकं अजून कच्चं आहे. मडकी भाजायला आवा लावायचा दिवस तिने तीनदा विचारला आणि मी तीनदा टाळला. एकदा म्हटलं गोवऱ्या ओल्या आहेत, एकदा वारं उलटं आहे, काल माझं अंग दुखतंय म्हणालो. आज गोवऱ्या तिने स्वतः उन्हात पसरल्या आहेत. एकदा भाजलं की ते मडकं झालं, मग त्याला कुणी काही करू शकत नाही. कच्चं आहे तोवर भिजवलं की नुसती माती. पण ते तिच्या हाताने भिजायला हवं, आणि तिला ते सांगणारा एकटा तूच आहेस. बेंदराचं राहू दे, नव्या मालाचं राहू दे. घर विकायचं तर विकू, भट्टीवर चला म्हणशील तर येतो. पत्र मिळेल त्या गाडीने ये. तोवर मी आवा पेटू देत नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
आबा