साक्ष कोणाच्या नावे करता येत नाही

मी, पुतळी हिरामण घरत, वय ६४, निवृत्त परिचारिका, राहणार मौजे खारशेत, कासू स्टेशनजवळ, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी आजार नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अशा कागदावर ‘कोणाच्याही दबावाखाली नाही’ असे लिहायची पद्धत आहे. मला ते लिहिता येत नाही. दबाव आहे, पण तो हे लिहावे म्हणून नाही. कोर्टात गप्प बसावे म्हणून आहे.

हे मृत्युपत्र आत्ताच का, तेही लिहिते. माझा धाकटा भाऊ ॲड. हरेश रोह्याच्या कोर्टात सरकारी वकील होता. खाडीत पंप लावून रेती उपसणाऱ्या रितेश शेठच्या टोळीवरचा खटला त्याच्याकडे होता. आमच्या शेजारच्या कातकरी वाडीतला काळू हिलम त्यांच्या होडीवर बुडी मारायचे काम करी. त्याने तहसीलदारांकडे तक्रार केली, म्हणून वल्ह्यांनी मारून त्यांनी त्याचा हात मोडला होता. हरेशने खटला सोडावा म्हणून आधी फोन आले. मग मोटारसायकली येऊन फाटकासमोर उभ्या राहू लागल्या. पोलीस बंदोबस्त मिळाला आणि कोणा साहेबाच्या एका सहीने तो निघूनही गेला. हरेश हटला नाही. मागच्या वर्षी दिवाळीनंतर तो संध्याकाळच्या गाडीतून उतरून चालत घरी येत होता. आमच्या फाटकासमोर रेतीच्या डंपरने त्याला उडवले. मी फाटकात उभी होते. परवा, वीस तारखेला, अलिबागच्या सत्र न्यायालयात माझी साक्ष आहे. तिथे पोहोचेन की नाही हे माझ्या हातात नाही. मालमत्तेचे काय करायचे ते माझ्या हातात आहे.

१. राहत्या घरातील माझा अर्धा हिस्सा माझी भावजय दिपिका हरेश घरत हिला द्यावा. उरलेला अर्धा तिचाच आहे. गावकीने आम्हाला वाळीत टाकले तेव्हा तिच्या माहेरचे तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, “ताई एकल्या हायेत, मी नाय येत.” एवढेच बोलून ती आत गेली आणि तिने कुकर लावला. तिच्या नावे घर करायला मला दुसरे कारण लागत नाही. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. बांधालगतची खाजणातली जमीन काळूची बायको जानी काळू हिलम हिला द्यावी. जानीच्या नावे सासऱ्याकडून आलेला सातबारा आहे, त्यामुळे शेतजमीन तिच्या नावे व्हायला अडचण नाही, हे हरेशनेच मला सांगितले होते. या जमिनीतून गेल्याशिवाय रेतीच्या गाड्या खाडीपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून तिला गिऱ्हाईक फार. मी तिथे साखळी लावली आहे, तिची किल्ली देव्हाऱ्यामागे आहे.

माझा भाचा ऋत्विक, म्हणजे हरेशचा मुलगा, यावर नाराज होईल. तो रोह्याला कंपनीत आहे. मागच्या महिन्यात रात्रपाळी करून न झोपता थेट माझ्याकडे आला.

“आत्या, दे ती जमीन त्यांना आणि मोकळी हो.”

“मोकळी म्हणजे काय रे?”

“म्हणजे जिवंत. मनस्वी चार वर्षांची आहे गो. काल शाळेच्या फाटकाशी कोणीतरी तिला चॉकलेट दिलं. म्हणाला, रितेशकाकांनी पाठवलंय.”

मी त्याला भित्रा म्हणणार नाही. लहान मुलीच्या हातात चॉकलेट देऊन तिच्या बापाला घाबरवणाऱ्यांना काय म्हणायचे, तो शब्द मला या कागदावर लिहायचा नाही. ऋत्विकला जमीन देत नाही ती राग म्हणून नाही. जमीन त्याच्याकडे असली तर ते त्याच्याच दारात जातील.

३. पितळी टोप. वडील गेल्यावर आम्ही हा लग्नाच्या भाताचा मोठा टोप गावकीला दिला होता. त्यावर ‘कै. हिरामण घरत यांच्या स्मरणार्थ’ असे कोरलेले होते. गावातल्या कितीतरी लग्नांचा भात त्यात शिजला. हरेशने खटला सोडला नाही तेव्हा गावकी बसली. वर्गणी बंद, बोलणे बंद, मयताला जाणे बंद. हरेशच्या बाराव्याला टोप मागायला दिपिका गेली, तर माझा चुलतभाऊ गुणाजी, जो गावकीचा पंच आहे, तिला म्हणाला, “कोनचा टोप? नाव दाखव.” नाव कानशीने खरवडून टाकले होते.

हाच गुणाजी गेल्या गणपतीनंतर टेंपोत टोप घालून माझ्या अंगणात आला.

“पुतळे, घे गो. तुझ्या बापाचा हाय.”

“तेव्हा कोणाचा होता?”

“झाला ता झाला. गेलेला मानूस येनार नाय. पोराचा संसार मांडायचा हाय मना. गाडीचा ब्रेक नाय लागला, त्यात अक्षयचा काय चुकला?”

डंपर गुणाजीचा मुलगा अक्षय चालवत होता.

“ब्रेक लागला नाही, तर गाडी मागे कशी आली रे गुणा?”

तो टेंपोवाल्याला म्हणाला, “उतरव.”

वाळीत टाकलेल्या घराने भांडे ठेवून घेतले की तंटा मिटला, असे आमच्या गावकीत धरतात. हे मला माहीत होते. तरी मी टोप ठेवून घेतला. माझ्या बापाची वस्तू मी घेतली, त्याच्या बदल्यात काहीही विकलेले नाही. हरेशच्या वर्षश्राद्धाला त्यात भात शिजवला आणि अख्ख्या वाडीला जेवायला बोलावले. तेव्हापासून गुणाजी सांगत फिरतो की पुतळीने शब्द फिरवला. मी शब्द दिलाच नव्हता.

हा टोप कातकरी वाडीला द्यावा. वाडीतल्या प्रत्येक लग्नात तो चुलीवर चढावा. खरवडलेल्या जागी नवीन नाव कोरू नये. घासताना ती जागा हाताला लागते, ती तशीच लागू द्यावी. पोरांनी विचारले की सांगावे.

४. हरेशचा काळा कोट. तो मारला गेला तेव्हा वकिलांनी एक दिवस काळ्या फिती लावल्या. दुसऱ्या दिवशी फिती निघाल्या आणि त्याच्या हातातला खटलाच काय, त्याच्या खुनाचा खटलाही चालवायला कोणी तयार होईना. शेवटी ॲड. किमया ठोंबरे नावाची बाहेरगावची मुलगी आली. तिलाही फोन येतात. तिच्या स्कूटीचे टायर दोनदा कापले. ती मला म्हणाली, “मावशी, आता मी एसटीने येते. तिचे टायर कापायला त्यांना डेपोत जावं लागेल.” हरेश गेल्यानंतर मी तेव्हा पहिल्यांदा हसले. तिला हवा असेल तर कोट द्यावा, नको असेल तर आग्रह करू नये. तिला तो मोठा होईल. आतल्या खिशात लवंगा आहेत. बोलून बोलून हरेशचा घसा बसत असे. कोट काचेत लावून हार घालायला मात्र कोणालाही देऊ नये.

५. रक्तदाब मोजायचे यंत्र, कात्र्या आणि माझी पेटी वाडीतल्या अंगणवाडीच्या मदतनीस शिल्पा वाघमारे हिच्यासाठी होती. पण ती या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे आणि सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून पेटी आजच तिच्या हातात दिली आहे.

६. माझे अंत्यविधी. हरेशला खांदा द्यायला गावातून कोणी आले नाही. दारे लावून घेतली होती, फटीतून बघत होते. काळू आणि वाडीतली माणसे आली. नीट न जुळलेला हात गळ्यात बांधून काळूने दुसरा खांदा दिला. मलाही त्यांनीच न्यावे. गावकी उशिरा जागी झाली तर तिला फाटकाबाहेर थांबवावे. हरेशच्या दहाव्याला नाक्यावर रितेश शेठने श्रद्धांजलीचा फलक लावला होता. त्यावर शेठचा फोटो मोठा आणि हरेशचा कोपऱ्यात. तो मी भरदिवसा कोयत्याने कापून काढला. माझ्या वेळी कोयता दिपिकाने घ्यावा. पडवीत खुंटीला आहे.

७. अक्षय गुणाजी घरत. त्याला माझ्याकडून काही नाही. तो उपकेंद्रात माझ्या हातावर जन्मला. पोलिओचा पहिला डोस मी पाजला. मला आत्या म्हणतो. हरेश खाली पडला होता, हलत होता, मी फाटकातून “अक्षय!” म्हणून ओरडले. डंपर थांबला. अक्षयने आरशात पाहिले. आरशात मी होते. त्याने मला पाहिले आणि गाडी मागे घेतली.

त्याची आई मला नळावर म्हणाली, “बाय, आंधार होता म्हन ना. एवढाच म्हन.” अंधार नव्हता.

८. वर जे लिहिले ते सर्व मी कोणा ना कोणाला देऊ शकते. साक्ष कोणाच्या नावे करता येत नाही. दिपिका घरात होती, ऋत्विक कामावर होता, पाहिले फक्त मी. मी मेले तर ती वारसाने कोणाकडे जात नाही, हे त्यांच्या वकिलाने त्यांना नीट समजावलेले दिसते. म्हणून माझ्याकडे टोप येतो आणि मनस्वीला चॉकलेट. माझ्या मालमत्तेत हीच एक वस्तू त्यांना खरोखर हवी आहे. ती मी स्वतः अलिबागला घेऊन जाणार आहे. परवा सकाळी पेणहून एसटीने, किमया ठोंबरे बरोबर असेल. वाटेत माझे काही झाले, तर तो अपघात नव्हता एवढे या कागदावरून धरावे.

सह्यांबद्दल. गावातल्या प्रत्येक कागदावर पंच म्हणून गुणाजीची सही असते, म्हणून रिवाजाप्रमाणे मी आधी त्यालाच विचारले. म्हटले, कागदात काय आहे ते वाचायचे नाही, मी सही करते तेवढे फक्त बघायचे आणि तसे लिहायचे. तो उभ्या उभ्या म्हणाला, “मी काय बघत नाय, मना काय म्हाईत नाय.” आणि चप्पल घालून गेला.

ठिकाण : खारशेत, ता. पेण, जि. रायगड
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) पुतळी हिरामण घरत

साक्षीदार :
पुतळी घरत यांनी दिवसाउजेडी, त्यांच्या अंगणात, आम्हा दोघांसमोर वरील सही केली. आम्ही ती पाहिली. आम्हाला कोणीही, कुठेही विचारले तरी आम्ही पाहिले असेच सांगू.

१. (सही) डॉ. साहिल मोकल, पेण
२. (सही) शिल्पा वाघमारे, कातकरी वाडी, खारशेत