मयत ललित पाटील यांच्या नावाने निघणाऱ्या आवृत्त्या

प्रति,
मा. दक्षता अधिकारी,
जिल्हा संगणक दक्षता कक्ष,
नंदुरबार.

विषय : मयत व्यक्तीचे सॉफ्टवेअर खाते बंद करणेबाबत, व त्यासोबत एक वेगळी विनंती.

संदर्भ : आपली पत्रे दि. २ सप्टेंबर व दि. ११ सप्टेंबर २०२५.

महोदय,

मी शहादा येथील चार माणसांच्या संगणक कार्यालयात काम करते. आरोग्य बोट कोणत्या दिवशी कोणत्या घाटाला लागणार, हे नर्मदाकाठच्या गावांना मोबाईलवर दाखवणारे ॲप आम्ही तयार करतो. धरणाचे पाणी चढले की मणिबेलीचा घाट वर सरकतो, त्यामुळे ॲप वरचेवर नव्याने बांधावे लागते. हे काम बिल्ड टूल करते. ते इंटरनेटवरच्या सामाईक कोठारातून लागतील ते तुकडे आणते आणि एकत्र शिवते. त्यातला 'घाटमाप' नावाचा तुकडा आमचे सहकारी कै. ललित पितांबर पाटील, रा. सारंगखेडा, यांनी लिहिला होता. पाण्याच्या पातळीवरून घाट कुठे असेल ते तो ठरवतो.

टूलला आम्ही 'सर्वांत नवी आवृत्ती आण' एवढेच सांगून ठेवले होते. ती कोणी टाकली, आत काय आहे, हे तपासायला सांगितले नव्हते. ललित माझ्या समोरच्या खुर्चीवर बसत असे, त्याचे काय तपासायचे? (अर्जात 'ते' लिहावे हे मला माहीत आहे, पण जमत नाही.) ही चूक माझी आहे आणि ती मी लेखी कबूल करते.

ललित दि. ११ जानेवारी २०२४ रोजी घरी जाताना उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून वारला. दि. १८ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी 'घाटमाप'ची नवी आवृत्ती आली. कर्ता : ललित पाटील. तपशील : किरकोळ दुरुस्ती. तो नेहमी हेच दोन शब्द लिहीत असे, अर्धा तुकडा नव्याने लिहिला तरी. चहा पिऊन आला की चारनंतरच काम कोठारात टाकत असे. यावरून आम्ही त्याची पुष्कळ थट्टा केलेली आहे.

मी त्या खुर्चीकडे पाहिले. मला भीती वाटली आणि, खोटे कशाला लिहू, आनंदही झाला. म्हणून मी तीन दिवस कोणालाच काही बोलले नाही. रोज चार वाजता पडद्यासमोर बसून राहिले.

चौथ्या दिवशी, दि. २१ ऑगस्ट रोजी, मणिबेलीच्या दिवलीबाई आपल्या अवघडलेल्या सुनेला घेऊन ॲपने दाखवलेल्या घाटावर सकाळपासून बसून होत्या. तो घाट चुकीचा होता. बोट डोंगराच्या पलीकडच्या बाजूला लागली आणि निघून गेली. शेवटी वाहरू नावाच्या मासे धरणाऱ्या माणसाने त्यांना आपल्या होडीत घातले, आणि बाळ होडीतच जन्मले. दोघे सुखरूप आहेत, त्यात आमचे कर्तृत्व शून्य. आलेली आवृत्ती उघडून पाहता, ती लोकांच्या फोनमधली माहिती परस्पर बाहेर पाठवत असल्याचे आढळले. चोराला मणिबेली ठाऊकही नसावी. त्याची घुसखोरी घाटाच्या तक्त्यात लुडबुडली, एवढेच.

आमच्याकडे आम्ही त्याच दिवशी जुनी आवृत्ती कायम केली. परंतु 'घाटमाप' इतरही कार्यालये वापरतात, ती कोणती हे आम्हास ठाऊक नाही. त्यांच्याकडे ललितच्या नावाने आलेला माल आजही शिवला जात आहे. खाते बंद करण्यासाठी कोठारवाले सरकारी पत्र मागतात, म्हणून आपल्याकडे अर्ज केला. आपल्या पहिल्या पत्रात खातेधारकाने मूळ ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे, असे कळवले आहे. तो मयत असल्याचे मी कळवल्यावर आपल्या दुसऱ्या पत्रात, खातेधारक मयत असल्याची खात्री त्याच्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने करावी, असे कळवले आहे.

आदेश शिरसावंद्य मानून मी दि. १६ सप्टेंबर रोजी सारंगखेड्यास गेले. ललितच्या आई वत्सलाबाई एकट्याच राहतात. त्यांनी त्याचा फोन चालू ठेवला आहे. आपला ओटीपी सकाळी अकराला आला आणि शेतातून त्या परतेपर्यंत बाद झाला. दुसऱ्या ओटीपीची वाट पाहत मी ओट्यावर बसले. चार वाजता फोन वाजला. काकूंनी पदराने पडदा पुसला, चष्मा लावला आणि कोठाराकडून नुकत्याच आलेल्या संदेशातले सहा आकडे एकेक करून फोनवरच्या माणसाला वाचून दाखवले.

कोणाचा फोन, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "ललितना हापिसमधला माणूस शे. चारना टाईमले फोन करस. मी आकडा सांगस, मंग ललितनं काम पुढे जास." ललित रोज चहा झाला की चारला आईला फोन करत असे. ती वेळ सोडून त्या तो फोन कधी उचलत नाहीत, हे त्या माणसाने हेरले असावे. खात्याचा पासवर्ड ललितच्या घोडीचे नाव होते, जे निम्म्या सारंगखेड्याला पाठ आहे. दुसरे कुलूप तेवढे उरले होते, त्याची किल्ली काकू देत होत्या. मी पुष्कळ समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आकडा नही सांगा तं काम बंद पडी जाई. मंग मन्हा ललितनं काय ऱ्हायनं?"

मी फोन हिसकावून घ्यायला हवा होता. घेतला नाही. मीही तीन दिवस वाट पाहिली होती, मी कोणत्या तोंडाने घेणार? त्या सहा आकड्यांवर दहाव्या मिनिटाला नवी आवृत्ती निघाली. तपशील : किरकोळ दुरुस्ती.

तरी विनंती की, वारस म्हणून वत्सलाबाईंच्या संमतीची वाट न पाहता हे खाते तात्काळ बंद करावे. दुसऱ्या कोणाची सून चुकीच्या घाटावर बसू नये. वत्सलाबाईंना आरोपी करू नये व नंदुरबारला बोलावू नये. जाब विचारायचा तर मला विचारावा.

वेगळी विनंती अशी. खाते बंद झाल्यावरही त्या चार वाजता फोन घेऊन बसतील. आपल्या कार्यालयास ओटीपी पाठवण्याची सवय आहेच. त्या क्रमांकावर रोज पावणेचारला सहा आकड्यांचा एक संदेश पाठवावा. फोन मी करीन आणि आकडे ऐकून घेईन. त्या आकड्यांनी कुठलेही कुलूप उघडू नये, एवढी काळजी आपण घ्यावी.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
महजबीन हारुन मणियार
शहादा, दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) ललित पाटील यांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स
२) त्यांच्या नावाने मृत्यूनंतर निघालेल्या आवृत्त्यांची यादी (पाने ३)
३) वारसाचे संमतीपत्र (कोरे)