दोनशे पुस्तकांतून सात वजा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलं आहे खरं, पण मी जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर बसून लिहिते आहे, तेव्हा घरी गेल्यावर तो नीट घालीन.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याची चौकशी मागच्या पत्रात झाली होती आणि तिचं उत्तरही आलं, म्हणून या वेळी फक्त उजव्याची करते. डाव्याने राग मानू नये. इकडे सगळे मजेत आहेत. सगळे म्हणजे आई आणि बाबा. माझ्याबद्दल पत्र वाचून झाल्यावर तूच काय ते ठरव.

तुला ठाऊक आहे, मी चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात तपासणीला आहे. काच दिव्यासमोर धरायची, तिरकी करायची, चरा दिसला की परत पाठवायची. दिवसाला तीनशे काचा. (काल तीनशे चार.) आमच्या मागच्या बाजूला खिडकी असलेली एक खोली आहे, तिथे आम्ही बावीस जण डबा खातो. ती खोली मालकीणबाईंना खोकी ठेवायला हवी होती. आम्ही गयावया करून सांगितलं की आम्ही तिथे वाचतो. (तोवर तिथे वाचलं गेलेलं साहित्य म्हणजे पोळ्या गुंडाळलेले कागद.) त्या म्हणाल्या, ‘वाचता ना? मग वर्ष संपायच्या आत सगळ्यांनी मिळून दोनशे पुस्तकं वाचा. खोली तुमची, वर एक कपाट देते. नाही जमलं तर खोकी येतील.’

आता नोंद कुणी ठेवायची? जी केसाएवढा चरा सोडत नाही ती थाप काय सोडणार, असं म्हणून सगळ्यांनी वही माझ्या हातात दिली. आणि मी, आ बैल मुझे मार म्हणतात तसं, तुझा नियम लागू केला. शाळेत जाण्याआधी तुझ्या शिलाई मशीनशेजारी बसून मी जे काही शिकले त्यात हा नियम पहिला: पुस्तक मिटायचं, मांडीवर ठेवायचं आणि गोष्ट सांगायची. सांगता आली तर वाचलं, नाहीतर नुसती पानं उलटली. तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि पुस्तकात एकंदर अकरा वाक्यं होती, हे लक्षात घ्यायला हवं होतं.

तर रोज सुट्टीत माझ्या दिव्यापाशी रांग लागायची. हिशेबनीस काका गोष्ट सांगायच्या आधी पानं, प्रकरणं आणि पुस्तकाचं वजन सांगत. फ्रेम बसवणाऱ्या ताई शेवट आधी सांगून मोकळ्या होत आणि मग सुरुवात ऐकायला कुणी थांबत नाही म्हणून रुसत. मालाची गाडी चालवणारे मामा म्हणाले, ‘रस्ता आठवत नाही, पण पोचलो एवढं नक्की.’ त्यांना मी अर्धं पुस्तक दिलं. (पुढे आणखी एक तसंच वाचून त्यांनी ते पूर्ण करून घेतलं.) सगळ्यांत रंगून सांगायचे ते पॉलिशवाले दादा. हातवारे, आवाज, मध्येच उठून दार ढकलून दाखवणं. एवढ्या परीक्षा घेता घेता माझी स्वतःची पुस्तकं वहीत नोंदवायची राहून जात. एका शनिवारी मी आठवून आठवून माझी सगळी राहिलेली पुस्तकं एकदम वहीत चढवली आणि भिंतीवर लिहिलेला आकडा बरोब्बर दोनशे झाला. मालकीणबाईंनी कपाटाचं माप घेतलं.

सोमवारी ताई म्हणाल्या, तुझं एखादं पुस्तक आम्हालाही सांग की, नेहमी आमचंच काय. मला आनंद झाला. एका बोटीवरच्या कप्तानाच्या विधवेची गोष्ट मी सांगायला घेतली. ती कशी करारी, कशी वाक्यावाक्याला नाक ओढते, आणि त्या नाक ओढण्यातून तिचा स्वाभिमान कसा दिसतो, असं मी बरंच बोलले. तेवढ्यात दादांनी मशीन बंद केलं.

‘ती नाक ओढत नाही,’ ते म्हणाले.

‘ओढते की. पहिल्या पानापासून.’

‘अगं बाई, मला सर्दी झाली होती.’

आत्या, ते पुस्तक मी वाचलेलंच नव्हतं, दादांनी सांगितलेलं ऐकलं होतं. मी वही उघडून बसले. एका कादंबरीतला न्यायाधीश सारखे पदराला हात पुसतो असं मला स्वच्छ आठवत होतं. (पदर ताईंचा.) एक राजकन्या निरोप घेताना पानांची संख्या सांगते, ती अर्थात काकांची. अशी सात निघाली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, तसं झालं. मी सातही खोडली, भिंतीवरचा आकडा पुसला आणि एकशे त्र्याण्णव लिहिला.

मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण लिहिते. काका म्हणाले, इतकी वर्षं आकडे लिहितोय पण लिहिलेला आकडा स्वतःहून कमी करणारं माणूस प्रथमच पाहिलं. दादा म्हणाले, कानाने ऐकलं म्हणजे कानाने वाचलंच की, सोड ना. ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी बोलल्या ते ऐकून वाटलं, आधीचे दोन दिवस बरे होते. मालकीणबाईंकडे गेले तर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘वही तुझी, शब्द तुझा,’ आणि दुपारी खोक्यांची पहिली गाडी दारात आली. शेवटी सहा जणांनी दात-ओठ खात एकेक पुस्तक वाचून मला सांगितलं. (इतक्या रागाने सांगितलेल्या प्रेमकथा मी कधी ऐकल्या नव्हत्या.) आता एकशे नव्याण्णव झाली आहेत. दोनशेवं माझं मीच वाचायचं, असा सगळ्यांनी निकाल दिला आहे.

बाकी ठीक. तुझ्या तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. माझी परीक्षा मीच कशी घेणार, असा प्रश्न निघाला. तेव्हा येत्या शुक्रवारी दुपारी चार वाजता सगळे बावीस जण आणि मालकीणबाई मिळून तुला फोन लावणार आहेत. मी पुस्तक मिटून गोष्ट सांगायची, तू वाचलं की नाही ते सांगायचं. तू होकार दिला आहेस असं मी त्यांना आधीच सांगून टाकलं आहे. हे पत्र पोचेपर्यंत ते खोटं आहे. पोचल्यावर ते खरं करणं तुझ्या हातात आहे.

ता. क. २. पुस्तक तीनशे दहा पानांचं आहे. पातळ घेतलं असतं तर लबाडी दिसली असती. मी चौसष्टाव्या पानावर आहे, कारण प्रत्येक पान आपण खरंच वाचलं ना, म्हणून दोनदा वाचते. या वेगाने शुक्रवारपर्यंत फार तर नायकाचं लग्न ठरेल. बाबा म्हणत होते, तू हल्ली कानाला यंत्र लावतेस आणि ते काढलं की तुला समोरचं काही कळत नाही, पण तू मान मात्र डोलावतेस आणि ‘हो, हो, बरोबर’ म्हणतेस. शुक्रवारी चार वाजता कानाला जरा आराम द्यावासा वाटला, तर संकोच करू नकोस.

ता. क. ३. वरचं दुसरं ता. क. मी खोडणार होते, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेस, म्हणून तसंच ठेवलं आहे. ते विसरून जा. यंत्र लावच. फक्त चौसष्टाव्या पानानंतर त्याचा आवाज थोडा बारीक कर.