व्हरांड्यातला वर्ग

रविवार, संध्याकाळ

प्रयोग, प्रयोग करून मले समजावू नको तू, मना! शाळेचा इतिहास म्या एकेका खोलीच्या तोंडून लिवला, आन आज संमेलनात वाचला. लॅब बोलली, ऑफिस बोललं, इंग्लिश मीडियमची नवीन खोलीबी बोलली. हेडमास्तर म्हनले, "सूपर!"

पन आमच्या मराठी वर्गाले खोली कधी भेटलीच नाही. दहावीपर्यंत आमी व्हरांड्यातच बसलो. म्हनून माझ्या इतिहासात तो वर्गच नाही. आन हे लिवताना मलेच कसं समजलं नाही? त्या व्हरांड्यात शिकलेल्या मले?

मराठीच्या बाई रिटायर झाल्या, वर्गबी बंद पडला. त्यायची सारी नोकरी त्या व्हरांड्यात गेली. आज तामसीहून बसनं आल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या. आपला वर्ग कवा येते याची शेवटपर्यंत वाट पाहून राह्यल्या होत्या.

गेटापाशी मले थांबवून म्हनल्या, "चांगलं लिवलं रे बाबू. पन आमी काऊन नाही त्यात? व्हरांड्याले तोंड नसते का?"

हासतच म्हनल्या. चूक झाली, एवढंच म्हनायचं होतं मले.

"टाइम कमी होता, बाई," म्हनलं म्या, आन त्यायनं काही बोलायच्या आत गाडीले किक मारली.