पाण्याच्या किती पट

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी लिहायला आज बसले आहे. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आपल्या कार्यालयाच्या वाट्याला सगळं जुनं सामान आलं होतं. माती तपासायचं लोखंडी नळकांडं फुटाच्या हिशेबाचं, वजनं पौंडांची, आणि अहवाल मात्र किलो आणि मीटरमध्येच हवा. शिरूर अनंतपाळकडच्या पाझर तलावाच्या भिंतीची माती नीट दबली की नाही, हे मी सांगायचं. माझी नोकरी हंगामी, आमच्या घरातली पहिलीच सरकारी. आकडा चुकला तर भिंतही जाईल आणि नोकरीही, एवढंच डोक्यात फिरत असायचं.

आणि पहिल्याच अहवालात मी माती खाल्ली. पौंडाचे किलो बरोबर केले, पण फुटाचे मीटर एकाच बाजूचे केले. लांबी, रुंदी, उंची तिन्हींचे करायचे ते राहूनच गेलं. घनमीटरला माती भरली जेमतेम दीडशे किलो. तुम्ही कागद वाचता, चष्मा कपाळावर सरकवता आणि कारकून बाहेर जाईपर्यंत थांबता. मग म्हणता, "बाई, तेवढंच पाणी हजार किलो भरतं. तुमची भिंत तर पाण्यावर तरंगून राहिली." मला तोंड लपवायला जागा नव्हती. तुम्ही मात्र खुर्ची पुढे ओढून समजावलंत की घनफूटभर पाणी बासष्ट पूर्णांक चार दशांश पौंडांचं, तेवढ्याच मातीच्या पौंडांना त्यानं भागायचं, की ती पाण्याच्या किती पट जड ते कळतं. त्याला हजारानं गुणलं की झाले किलो. प्यायला पाणी नव्हतं त्या साली, आणि आपण माती पाण्यानं मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर माती पाण्याच्या दीडपट भरली. हवी होती पावणेदोन पट. म्हणजे थर कच्चा, तो उकलून पुन्हा पाणी मारून दाबायचा, आणि टँकरचा तर पत्ता नाही. कालचं त्याच्या कानावर कसं गेलं कोण जाणे, मुकादम तुमच्याकडे वळला. "साहेब, काल बाईनं आकडा चुकविला, अन् आज त्याच्यावर थर उकलायचा का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "काल चुकला म्हणूनच आजचा पक्का हाय. उकला थर. पाण्याचं मी बघतो."

माझ्यासाठी असं कुणी उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढे नोकरी कायम झाली, नांदेडला बदली झाली, हाताखाली नवी मंडळी आली. त्यांच्या चुका समोर आल्या की मी आधी कारकुनाला बाहेर पाठवायची. सर, तुमचे उपकार मी कधी तोंडानं बोलून दाखवले नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

हे टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळली असती. त्या दिवशी तुमची जीप वळणाआड गेली तशी मी मुकादमाला थांबवलं, नळकांडं घेऊन पुन्हा भिंतीवर चढले आणि तीच तपासणी पहिल्यापासून केली. खात्री तुम्हाला होती, मला नव्हती. आकडा तोच आला. मग मी म्हणाले, उकला.