गिधाड केंद्राची आवराआवर

सोमवार, १० जानेवारी २००५

पोचलो! हरसूलच्या पुढे रस्ता म्हणजे नुसती अफवा. गोटीरामने जीप कड्याखाली थांबवली नि म्हणाला, "मावशी, हितून पुढं पाय."

तर हे ते थोर गिधाड संशोधन केंद्र. दोन खोल्या, एक संडास, अर्धे पत्रे उडालेले. माझ्या संसाराची ऐन वर्षं यानेच खाल्ली. मी नाशिक रोडला एकटीने तृप्तीला वाढवलं, आणि हे इथे गिधाडांची बाळंतपणं काढत बसले! पुढे गिधाडं संपली, केंद्राला कुलूप लागलं, हे रिटायर झाले. आता जागा साफ करून परत द्यायची म्हणे. केंद्र चालवणारी संस्था त्यासाठी माणूस शोधत होती, तर हे आपणहून म्हणाले, "मी करतो."

स्वतःची कपबशी न विसळणारा माणूस! म्हटलं, मीही येते. हा चमत्कार बघितलाच पाहिजे.

मंगळवार, ११

उंदीर, उंदरांच्या लेंड्या, उंदरांचे नातेवाईक. गंजलेल्या खाटा, फुटलेल्या बॅटऱ्या. फळीवर बरण्या – आत गिधाडांची आतडी, लोणच्यासारखी मुरलेली. मी म्हटलं, "मोहरी कमी पडली वाटतं." हसले नाहीत. एरवी हसतात.

पाड्यावरची कुसाबाई मदतीला येते. पूर्वी यांचा स्वयंपाक करायची. वय झालंय, पण लोखंडी खाट एकटी उचलते. मला म्हणाली, "सायेब तुमचं लय सांगायचा." मी खूश! काय सांगायचे? "बाई लय बोलती म्हून."

बुधवार, १२

कंबर गेली. बाकी ठीक.

गुरुवार, १३

संडासामागे काहीतरी चाललंय. हे एकटेच तिथे खणतात. मी फिरकले की "तू आतलं बघ." दुपारी हे झऱ्यावर गेले तशी मी गेलेच. खड्डा. त्यात इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या – ढीगच्या ढीग! निम्म्या एका पोत्यात भरून झालेल्या.

पहिला विचार – हे टोचून घेत होते की काय? संसारात एवढंच बघायचं राहिलं होतं!

विचारलं, तर पोत्याचं तोंड बांधत बसले. रात्री जेवलेही नाहीत.

शुक्रवार, १४

संक्रांत. तिळगूळ घरीच राहिला. पण हे बोलले. पायरीवर बसून, कड्याकडे बघत.

सुरुवातीला पाड्यातले लोक यांना घरट्यांकडे फिरकू देत नव्हते. सूत जमावं म्हणून यांनी गुरांचं औषध आणायला सुरुवात केली. बैल लंगडला, म्हैस सुजली – हे इंजेक्शन घेऊन हजर. काही गुरं जगली, काही मेली. मेलेली कड्याखाली टाकायची, गिधाडं खायची. आणि गेल्या वर्षी शास्त्रज्ञांना सापडलं, की गिधाडं मरतात ती त्याच औषधाने. मेलेल्या जनावराच्या मांसातून.

"तेच औषध?"

"तेच."

"पण तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नव्हतं. टोचत मी होतो, मीना."

म्हणून आले होते तर. कुणाच्या नजरेला पडायच्या आत बाटल्या उचलायला.

मला एकही विनोद सुचला नाही.

शनिवार, १५

यांनी कुसाबाईला सगळं सांगून टाकलं. मी म्हटलं, आता शिव्या! ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"म्हंजी माझ्या बैलाला टोचलं तेच?"

"हो."

"बैल तं जगला ना! त्या साली भात त्याच्यावरच निघाला."

मग भाकरी उलटत म्हणाली, "पन गिधाडं गेली ते वाईट झालं. आता ढोर मेलं का वास सरत नाय." आणि अगदी सहज – "ते औषीद आजून मिळतं की बाजारात. परवाच पोरानं आनलंय."

हे ताडकन उठले. ताट तसंच!

रविवार, १६

हे पाड्यात घरोघर गेले. मूत्रपिंड, अवशेष, अन्नसाखळी – सगळं सांगितलं. लोकांनी चहा पाजला नि वाटेला लावलं. एकाने विचारलं, "मंग बैल लंगडला तं काय करायचं, सायेब?" त्याचं चूक काय आहे? बैल गेला तर भात कोण करणार, गिधाड?

संध्याकाळी मी बरोबर गेले. म्हटलं, मूत्रपिंड बाजूला ठेवा, मी बोलते. "बाबांनो, बैल जगवायचाच. पण टोचलेलं जनावर मेलं, तर उघड्यावर टाकू नका. पुरा."

म्हातारा बहिरू म्हणाला, "खड्डा कोन खनील?"

हे म्हणाले, "मी."

लोक हसले. हे नाही हसले. मग बहिरूने मान हलवली.

सोमवार, १७

जीप कड्याखाली आली. खाटा, बॅटऱ्या, बरण्या, बाटल्यांचं पोतं – सगळं तिथवर वाहून चढवलं. कुदळ तेवढी यांनी परत उतरवली. गोटीरामला म्हटलं, "तू नीघ. तृप्तीला सांग, आई-बाबा पुढच्या पाड्यावर खड्डे खणायला गेलेत."